क्षणभराच्या उजेडाचे शब्द



गेली १९ वर्षे मी आपल्या शाळेत इंग्रजी शिकवतो आहे. मूळचा मी कराडचा, पण आता या डोंगराचाच झालो आहे. या वर्षी मराठी पानासाठी काहीतरी लिहा, असे संपादक मंडळातल्या मुलांनी सांगितले, तेव्हा माझी स्वतःची एक चूक लिहून काढायचे ठरवले. तुमच्या वह्यांतल्या हजारो चुका मी लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. ही चूक मात्र त्या लाल शाईनेच केलेली आहे.

हिवाळ्याची सुटी संपवून तुम्ही परत आलात, त्या आठवड्यातली गोष्ट. नववीच्या वर्गाला मी 'सुटीतला एक दिवस' असा निबंध दिला होता. सातारा जिल्ह्यातल्या एका कॅडेटने लिहिले होते की घरातला फोन वाजला की माझ्या आजीच्या डोळ्यांत 'अ फ्लिकर ऑफ होप' दिसायचा. मी 'फ्लिकर' खोडला, त्यावर 'रे' लिहिले आणि समासात शेरा मारला, 'योग्य शब्दजोडी वापरा.' आशेचा किरण म्हणजे 'रे ऑफ होप', हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. तेच मी तिथे चिकटवले.

संध्याकाळी प्रेपच्या वेळी तो वही घेऊन स्टाफरूमच्या दाराशी आला.

"सर, एक विचारू?"

"विचार की."

"सर, 'रे' म्हणजे किरण. पण आजीचे डोळे तसे नव्हते."

"मग कसे होते रे?"

तो जरा थांबला. मग मराठीत सांगू लागला. त्याचे वडील फौजेत आहेत आणि तेव्हा उंचावरच्या एका ठाण्यावर होते. बर्फ पडले आणि आठ दिवस त्यांचा फोन आला नाही. घरात कोणी काही बोलत नव्हते. फोन वाजला की आजी चुलीपुढून उठायची, पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहायची. आई फोन उचलायची आणि म्हणायची, "पतसंस्थेचा आहे." आजी परत आत जायची. दिवसातून चार-पाच वेळा असे व्हायचे.

"दर वेळी तिच्या तोंडावर उजेड यायचा आणि जायचा, सर. किरण आला तर तो राहतो ना? हा राहत नव्हता."

मी वही घेतली, माझा 'रे' खोडला आणि त्याचा 'फ्लिकर' परत लिहिला. त्याने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मी पाठ केलेल्या यादीने पुसली होती. त्या रात्री मी माझी यादी पुढे घेऊन बसलो आणि एकेका शब्दाला विचारू लागलो, तू नक्की कोणता उजेड आहेस? त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

शब्दांची सोयरीक

प्रत्येक भाषेत काही शब्द ठरावीक शब्दांशीच सोयरीक करतात. आपण मराठीत 'गाढ झोप' म्हणतो, 'गडद अंधार' म्हणतो, 'मुसळधार पाऊस' आणि 'कडाक्याची थंडी' म्हणतो. 'गाढ पाऊस' म्हटले तर अर्थ कळेल, पण ऐकणारा हसेल. शंका आली की आपल्या मनात पाल चुकचुकते, चिमणी नाही. असे का, हे कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. घरात ऐकून ऐकून ते आपल्याला येते.

इंग्रजीत अशा जोडीला 'कोलोकेशन' म्हणतात. हा विचार भाषाशास्त्रात रुजवणारे जे. आर. फर्थ हे इंग्रज विद्वान १९२० च्या दशकात लाहोरला, पंजाब विद्यापीठात, इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्द ओळखायचा तर तो कोणाच्या सोबतीत वावरतो ते पाहा, असे त्यांचे सांगणे होते. माणसांबद्दल आपली आजीही हेच सांगते.

घरात इंग्रजी ऐकायला न मिळालेल्या मुलाला या जोड्या पाठ कराव्या लागतात. पाठ करण्यात वाईट काही नाही, पाढेही आपण पाठच करतो. पण पाढ्यात सात आठे छप्पन्न हे नेहमीच छप्पन्न असतात. शब्दांचे तसे नसते. आशा एकच असली तरी ती कधी 'रे' असते, कधी 'ग्लिमर', कधी 'फ्लिकर'. त्यातली कोणती, हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते. ते ठरवायला तीन प्रश्न पुरतात. उजेड किती वेळ टिकला? तो स्थिर होता की हलता? त्याचा जोर किती होता? इंग्रजी भाषेने भावनांसाठी उजेडाचे शब्द उसने घेतले आहेत, म्हणून उजेड नीट पाहिला की भावनेचा शब्द आपोआप सापडतो.

फ्लॅश

हा सर्वांत तोकडा आणि सर्वांत जोरदार. फायरिंग रेंजवर रायफलच्या नळीच्या तोंडाशी जी ज्वाळा दिसते ती 'मझल फ्लॅश'. रात्री ती शत्रूला आपली जागा सांगू शकते. ती कमी करायला नळीच्या टोकाला 'फ्लॅश सप्रेसर' बसवतात. वीज चमकते तोही 'फ्लॅश'. तो दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर अंतर धरावे, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो.

जी भावना विजेसारखी येते आणि संपते, तिला हा शब्द शोभतो. 'अ फ्लॅश ऑफ अँगर' म्हणजे रागाची सणक. 'अ फ्लॅश ऑफ इन्स्पिरेशन' म्हणजे एकाएकी सुचलेली गोष्ट. 'अ फ्लॅश ऑफ इनसाइट' म्हणजे क्षणात पडलेला उलगडा. राग दिवसभर राहिला तर तो 'फ्लॅश' नव्हे.

याच शब्दाचा एक वाक्प्रचार बंदुकीतूनच आलेला आहे, 'फ्लॅश इन द पॅन'. जुन्या चकमकीच्या बंदुकीला बाहेरच्या बाजूला एक छोटी वाटी असे, ती 'पॅन'. तिच्यात रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, घालत. ठिणगी पडली की रंजक पेटे आणि ती आग एका बारीक छिद्रातून नळीतल्या मुख्य दारूपर्यंत पोचे. छिद्र तुंबलेले असले की वाटीत नुसता भडका उडे, गोळी सुटतच नसे. म्हणून सुरुवातीला झगमगाट करून पुढे काहीच न करणाऱ्याला 'फ्लॅश इन द पॅन' म्हणतात. पहिल्या घटक चाचणीत पहिले येऊन वार्षिक परीक्षेत दिसेनासे होणारे कॅडेट मला दरवर्षी या शब्दाची आठवण करून देतात.

फ्लिकर

हा शब्द मुळात उजेडाचा नव्हे. जुन्या इंग्रजीत तो पाखराच्या पंखांच्या फडफडीसाठी वापरत. तो ज्योतीकडे नंतर आला. मराठीतही वाऱ्यावर ज्योत 'फडफडते' असेच आपण म्हणतो. दोन भाषांना एकच गोष्ट दिसली.

'फ्लिकर'मध्ये ये-जा आहे. उजेड आहे, पण त्याचा भरवसा नाही. 'अ फ्लिकर ऑफ होप', 'अ फ्लिकर ऑफ डाउट', 'अ फ्लिकर ऑफ इंटरेस्ट', 'अ फ्लिकर ऑफ रेकग्निशन' या नेहमीच्या जोड्या. शेवटची लक्षात ठेवण्यासारखी आहे. खूप वर्षांनी भेटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ओळख पटते न पटते असा जो भाव येतो, तो हा. हसूही असेच 'फ्लिकर' होते. आपण मराठीत 'ओठांवर हसू तरळून गेले' म्हणतो, इंग्रजीत 'अ स्माइल फ्लिकर्ड अक्रॉस हिज फेस' म्हणतात.

नकारातही हा शब्द फार चालतो. 'नॉट अ फ्लिकर ऑफ इमोशन' म्हणजे चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. वाईट बातमी ऐकूनही जवानांपुढे शांत उभा राहणारा अधिकारी डोळ्यांपुढे आणा.

ग्लिमर आणि रे

आपल्या वसतिगृहाच्या खिडकीतून रात्री समोरच्या डोंगरावरचे एखादे घर पाहा. दिवा मिणमिणतो. जवळ जाऊन पाहिले तर तो चांगला बल्ब असेल, पण इथवर पोचेपर्यंत त्याचा जोर उरत नाही. तो 'ग्लिमर'. 'फ्लिकर'मध्ये अस्थिरता मुख्य, 'ग्लिमर'मध्ये क्षीणपणा मुख्य. 'अ ग्लिमर ऑफ होप' म्हणजे अंधुक आशा, 'अ ग्लिमर ऑफ अंडरस्टँडिंग' म्हणजे थोडे थोडे समजू लागल्याची खूण. भूमितीचे प्रमेय तिसऱ्यांदा समजावल्यावर मागच्या बाकावर जे दिसते ते.

'रे' वेगळा. बंद खोलीच्या फटीतून सरळ आत येणारा कवडसा आठवा. त्याला दिशा असते, तो बाहेरून येतो आणि अंधाराला भेदतो. म्हणून 'अ रे ऑफ होप' बहुधा बाहेरच्या एखाद्या घटनेमुळे येतो, जसे नवे औषध, आलेले पत्र, मिळालेली मदत. आजीच्या घरात बाहेरून काहीच आले नव्हते. आशा तिच्या आतच पेटत होती आणि विझत होती. म्हणून तिथे 'रे' चुकीचा होता आणि तो मुलगा बरोबर होता.

स्पार्क आणि फ्लेअर

'स्पार्क' म्हणजे ठिणगी. ती स्वतः क्षणात विझते, पण तिच्यामागे आग लागू शकते. हा शब्द पुढच्या गोष्टीकडे बोट दाखवतो. 'अ स्पार्क ऑफ इंटरेस्ट' असेल तर पुढे आवड निर्माण होऊ शकते. 'फ्लिकर ऑफ इंटरेस्ट'मध्ये तसा भरवसा नाही. विद्यार्थ्याबद्दल लिहिताना या दोघांतला फरक शिक्षकांनीही ध्यानात ठेवावा.

'फ्लेअर' तुम्हाला रात्रीच्या सरावात भेटेल. आकाशात उडवलेला तो गोळा एकदम पेटतो, सगळे मैदान उजळतो, काही काळ जळतो आणि मग विझतो. 'फ्लॅश'पेक्षा तो जास्त टिकतो. म्हणून 'टेम्पर्स फ्लेअर्ड' म्हणजे माणसांचा राग भडकला आणि काही वेळ भडकलेला राहिला. हॉकीच्या सामन्यात दोन हाऊसची मुले एकमेकांवर धावून गेली, तर तिथे हा शब्द बसतो. दुखणे किंवा भांडण पुन्हा उफाळून आले, तरी 'फ्लेअर अप' म्हणतात.

ग्लीम, ग्लिंट, ट्विंकल

हे तिघे डोळ्यांचे शब्द. परेडच्या आदल्या रात्री पॉलिश करून ठेवलेला बूट 'ग्लीम' होतो. समाधानाची, विजयाची मऊ चकाकी ती हीच, 'अ ग्लीम ऑफ ट्रायम्फ'. उन्हात संगिनीचे पाते किंचित फिरले की जो कडक, बारीक लखलखाट दिसतो तो 'ग्लिंट'. डोळ्यांत 'ग्लिंट' असेल तर त्यात बहुधा काहीतरी धारदार असते, निश्चय किंवा दुष्टपणा.

'ट्विंकल' ताऱ्यांचा. तारे लुकलुकतात, कारण त्यांचा उजेड हवेच्या हलत्या थरांतून आपल्यापर्यंत येतो. ग्रह सहसा तसे लुकलुकत नाहीत. 'अ ट्विंकल इन हिज आय' म्हणजे डोळ्यांतला मिस्कीलपणा, आणि त्यात माया असते. आजोबांच्या डोळ्यांत 'ट्विंकल' लिहावे. चुकून 'ग्लिंट' लिहिलेत तर बिचारे आजोबा खलनायक होतील.

जो टिकतो तो

क्षणाचे शब्द नीट कळायचे तर टिकणारा एक शब्द जवळ हवा. तो 'ग्लो'. चुलीतली लाकडे जळून गेल्यावर निखारे शांतपणे लाल दिसतात, तो 'ग्लो'. 'अ ग्लो ऑफ प्राइड', 'अ ग्लो ऑफ सॅटिस्फॅक्शन'. मराठीत याहून मोलाचा एक शब्द आहे, 'तेवणे'. समई तेवते, नंदादीप तेवतो. शांत, स्थिर, कोणासाठी तरी जपलेली ज्योत, हे सगळे एका क्रियापदात सांगणारा इंग्रजी शब्द मला अजून मिळालेला नाही. इंग्रजी शिकताना आपल्या भाषेत काय आहे तेही असे हाती लागते.

उलट, मराठीतून इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवायला जाऊ नका. आपली आशा 'पल्लवित' होते, म्हणजे तिला पालवी फुटते. इंग्रजीत तिला पाने फुटल्याचे लिहिले तर वाचणारा गोंधळेल. आपल्या मनातली पाल इंग्रजीत चुकचुकत नाही, तिथे 'फ्लिकर ऑफ डाउट' असतो. आणि इंग्रजीतल्या सगळ्याच क्षणिक भावना उजेडाच्या नसतात. काही दुखण्याच्या असतात. 'अ पँग ऑफ गिल्ट' म्हणजे अपराधीपणाची कळ, 'अ ट्विंज ऑफ रिग्रेट' म्हणजे पश्चात्तापाची बारीक टोचणी. आपल्याकडे काळजात चर्र होते, ते याच जातीचे.

एक बारीक सूचना. या जोड्यांच्या आधी बहुधा 'अ' लागतो. 'आय सॉ फ्लिकर ऑफ होप' नव्हे, 'आय सॉ अ फ्लिकर ऑफ होप'. हा एवढासा 'अ' मी दर वह्यांच्या गठ्ठ्यात निदान वीस वेळा लिहितो. डोळ्यांसाठी 'इन', चेहऱ्यासाठी 'अक्रॉस', मनासाठी 'थ्रू' ही शब्दयोगी मंडळीही सोबत पाठ करा.

आवाजाची खूण

'फ्लॅश', 'फ्लिकर', 'फ्लेअर', 'फ्लेम' यांची सुरुवात एकसारखी आहे. 'ग्लिमर', 'ग्लीम', 'ग्लिंट', 'ग्लो', 'ग्लिटर' यांचीही. पहिल्या गटात हालचाल आणि झटका जास्त, दुसऱ्यात शांत किंवा परावर्तित चकाकी जास्त. फर्थ यांनी अशा ध्वनिगटांकडेही लक्ष वेधले होते. आपल्या लखलख, लकलक, लुकलुक, झगमग, झळझळ या शब्दांत अशीच गंमत आहे. मात्र हा नियम समजू नका. 'फ्लोअर' म्हणजे जमीन आणि ती हलत नाही. 'ग्लू' म्हणजे डिंक आणि तो चमकत नाही. लक्षात ठेवायला एक खुंटी, एवढेच.

जिथे शब्द चुकला तर जहाज फुटते

एवढ्या बारकाव्याची गरज काय, असे एखाद्या पालकांना वाटेल. नौदलाचे उदाहरण देतो. सागरी नकाशावर प्रत्येक दीपगृहाच्या उजेडाचा प्रकार नेमक्या शब्दात छापलेला असतो. उजेडाचा काळ अंधाराच्या काळापेक्षा कमी असेल तर तो दिवा 'फ्लॅशिंग'. उजेड जास्त वेळ आणि मध्ये थोडा अंधार असेल तर 'ऑकल्टिंग'. दोन्ही सारखे असतील तर 'आयसोफेज'. अखंड असेल तर 'फिक्स्ड'. रात्री किनारा दिसत नसताना खलाशी घड्याळ लावून उजेड-अंधार मोजतो आणि समोरचे दीपगृह कोणते ते ओळखतो. ओळखण्यात चूक झाली तर खडक वाट पाहत असतो. या यादीत 'फ्लिकर' नाही, कारण त्याला ठरलेला ताल नसतो. ज्याला ताल नाही त्यावरून जहाज हाकता येत नाही.

यातून कॅडेटने एक धडा घ्यावा. अहवालात भावनेचा उजेड आणू नये. रात्री चौकीवरून दिवा दिसला तर 'आशेसारखा मिणमिणता दिवा' असे कळवायचे नसते. कोणत्या दिशेला, किती वाजता, कोणत्या रंगाचा, स्थिर की लुकलुकता, एवढेच सांगायचे. निबंध, पत्र आणि गोष्ट ही या जोड्यांची जागा. तिथेही पानाला एखादी पुरे. एसएसबीच्या चित्रकथेच्या चाचणीत ३० सेकंद चित्र दाखवतात आणि गोष्ट लिहायला ४ मिनिटे देतात. त्या ४ मिनिटांत ग्लिमर आणि ग्लीम शोधत बसलात तर तुमचा नायक काही करण्याआधीच वेळ संपेल.

बोललेला शब्द मागे घेणे

एका मोठ्या माणसाचे उदाहरण सांगून आवरते घेतो. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. त्या संध्याकाळी पंडित नेहरू आकाशवाणीवरून इंग्रजीत बोलले. आपल्या आयुष्यातला प्रकाश गेला, असे त्यांनी आरंभी म्हटले. पुढे त्याच भाषणात त्यांनी आपलाच शब्द दुरुस्त केला. प्रकाश गेला असे मी म्हणालो ते चुकीचे होते, कारण तो साधा प्रकाश नव्हता, तो पुढेही दिसत राहील, अशा आशयाचे ते बोलले. एवढ्या दुःखातही त्यांनी शब्द तपासून पाहिला आणि तो खऱ्याला पुरा पडत नाही असे दिसताच बदलला.

मग वहीतला एक शब्द मागे घ्यायला शिक्षकाला कसला कमीपणा? त्या कॅडेटच्या वहीत माझी लाल रेघ आणि तिच्यावरची दुसरी लाल रेघ अजून आहे. ती मी मुद्दाम राहू दिली. समासातला शेराही बदलला. आता तिथे लिहिले आहे, 'तुझा शब्द बरोबर.'

त्याच्या निबंधाचा शेवट मी तेव्हा घाईत वाचला होता, म्हणून पुन्हा वाचला. नवव्या दिवशी वडिलांचा फोन आला. आईने काही न बोलता फोन आजीच्या हातात दिला. त्यापुढे मुलाने उजेडाचा एकही शब्द वापरलेला नव्हता. लिहिले होते एवढेच की आजी बोलली नाही, फोन कानाला धरून उभी राहिली आणि चुलीवरचे दूध उतू गेले. मी त्या ओळीखाली काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही नव्हते.

कॅडेट मित्रांनो, येत्या सुटीत एक काम करा. घरी देवापुढचा दिवा पाच मिनिटे पाहा, दूरच्या वस्तीचा दिवा पाहा, पावसाळा असेल तर काजवे पाहा. मग घरातल्या माणसांचे चेहरे पाहा. जे दिसेल त्यासाठी एकच शब्द शोधा, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. आणि मी तो खोडला, तर वही घेऊन स्टाफरूमच्या दाराशी या.